द्रवरूप इंजेक्शनमधलं पेप्टाइड टिकवण्यासाठी कोणता स्टॅबिलायझर घालावा?

स्टॅबिलायझर नंतर. आधी पीएच बघा.

पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात आहे, शुद्धता घसरतेय आणि गाइड बफर बदलू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या फॉर्म्युलेशन लॅबमध्ये होते. आमच्या सरांचंही हेच होतं: रक्ताचा पीएच ७.४, म्हणून औषधाचाही ७.४. औषध किती टिकतं ते बघायला ते ४० अंशांच्या चेंबरमध्ये ठेवलं होतं. पहिल्या महिन्याचं सॅम्पल एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावलं, तर आलेखातल्या मुख्य पीकच्या, म्हणजे शिखराच्या, उतरणीवर एक खांदा आलेला. सर म्हणाले, कॉलम जुना झालाय. नवा कॉलम लावला, खांदा तिथेच. तिसऱ्या महिन्यात त्याचं वेगळं पीक झालं आणि मास स्पेक्ट्रममध्ये वस्तुमान एका डाल्टननं वाढलेलं निघालं. म्हणजे सरळसरळ डीअमायडेशन, साखळीतल्या अमाइड गटाचं आम्ल होणं. आमच्या साखळीत अ‍ॅस्परजिनला लागून ग्लायसिन होतं, ही दोन्ही अमिनो आम्लं. ही जोडी सातच्या आसपास आणि त्यावर फार लवकर बिघडते: आधी सक्सिनिमाइडचं कडं तयार होतं, मग ते फुटून अ‍ॅस्पार्टेट आणि त्याहून जास्त आयसोअ‍ॅस्पार्टेट होतं. यात साखर, मॅनिटॉल असले स्टॅबिलायझर घालून काय होणार?

मग मी कुणाला न विचारता अ‍ॅसिटेट बफरमध्ये ४.५, ५ आणि ५.५ पीएचच्या थोड्या व्हायल भरल्या आणि त्याच चेंबरच्या खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवल्या. एप्रिल होता, बाहेर सोलापूरचं ऊन आणि आत चेंबरमध्ये ४० अंश, जवळपास सारखंच! तीन महिन्यांनी ५ पीएचच्या व्हायलमध्ये ते पीक बेसलाइनवरून जेमतेम उठलेलं. मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून सरांना दाखवले. ते म्हणाले, "आम्लधर्मी इंजेक्शन झोंबतं, पेशंट घेणार नाही." अहो, ग्लार्जिन इन्सुलिन २००० सालापासून ४ पीएचच्या द्रावणात मिळतंय आणि लोक रोज टोचून घेतायत. डोस थोडा असेल आणि बफर सौम्य असेल, तर शरीर ते सांभाळून घेतं. थोडं झोंबतं, हे मान्य.

पण आम्लात सगळंच टिकतं असं समजू नका. इन्सुलिनच्या ए साखळीतलं २१ वं अ‍ॅस्परजिन उलट आम्लातच बिघडतं, म्हणून तर ग्लार्जिनमध्ये तिथे ग्लायसिन बसवलंय. अ‍ॅस्पार्टिक-प्रोलिन जोडी असेल तर तोही बंध आम्लात तुटतो. मेथिओनिन असेल तर ते ऑक्सिजननं बिघडतं, म्हणून व्हायलमधली हवा काढून नायट्रोजन भरा आणि पॉलिसॉर्बेट (साबणासारखं काम करणारं सहायक द्रव्य) घातलं असेल तर त्यातले पेरॉक्साइड तपासून घ्या. व्हायल हलवूनही बघा. काही पेप्टाइड चेंबरमध्ये स्वच्छ राहतात आणि प्रवासात गढूळ होतात. सोडियम फॉस्फेटचं द्रावण चुकून गोठलं तर पीएच एकदम खाली येतो, तेही ध्यानात असू द्या.

गाइडशी वाद घालत बसू नका. तीन पीएचच्या व्हायल भरा, ७.४ ची शेजारी ठेवा आणि पहिल्या दिवसापासून वहीत तारखेसह नोंद करून दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या. माझ्या त्या पानांवर सही नव्हती, म्हणून ते निकाल फाइलमध्ये गेलेच नाहीत. बॅच ७.४ लाच गेली आणि सहाव्या महिन्याला शुद्धतेत नापास झाली.