एलसी अडवून ठेवलीय, आता काय करू?

मे महिना सरत आला की या सदराच्या पत्रांचा रंगच बदलतो. एरवी भाडेकरार आणि सोसायटीची भांडणं येतात, आणि आता नुसती शाळा, शाळा, शाळा. यावेळी पाच पत्रं घेतलीत. नावं कुणाचीच देत नाहीये, कारण उद्या मुलं त्याच वर्गात जाऊन बसणार आहेत.

ताई, मुलाची पाचवी झाली. माझी हिंजवडीतली नोकरी डिसेंबरमध्ये गेली, त्यामुळे दोन टर्मची फी राहिलीय. आता त्याला घराजवळच्या अनुदानित शाळेत घालायचंय, पण जुनी शाळा म्हणते आधी पूर्ण फी भरा मगच एलसी (शाळा सोडल्याचा दाखला). सरलवर, म्हणजे विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवर, पण नाव सोडणार नाही म्हणाले. नवीन शाळा म्हणते एलसी आणा. काय करू? (धायरीहून एक बाबा)

दादा, आधी हे ऐका, एलसी नाही म्हणून तुमच्या मुलाचं वर्ष वाया घालवायचा अधिकार यातल्या कुठल्याच शाळेला नाही.

शिक्षण हक्क कायदा आहे ना, २००९ चा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याचं कलम ५ अगदी तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. पहिली ते आठवीतल्या मुलाला कुठल्याही कारणाने शाळा बदलून सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. मुद्दाम उशीर केला तर त्यांच्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि त्याच कलमात हेही म्हटलंय की दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचा तर नाहीच. हे दुसरं वाक्य बऱ्याच पालकांना माहीतच नसतं, सगळे जुन्या शाळेच्या दारात भांडत बसतात आणि खरं दार उघडं असतं नव्या शाळेचं. म्हणून तुम्ही उद्या आधी नव्या शाळेत जा, जन्मदाखला आणि पाचवीचं प्रगतीपुस्तक जे काही हातात असेल ते घेऊन, आणि लेखी अर्ज द्या की कलम ५ प्रमाणे तात्पुरता का होईना पण प्रवेश द्या, दाखला मागाहून आणून देतो.

एक अडचण सांगून ठेवते. तुम्हाला थेट खाजगी विनाअनुदानित शाळेत जायचं असतं तर हे कलम इतकं सरळ लागू झालं नसतं. आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागत नाही, त्यामुळे तुमची जुनी शाळा तशी असेल तर तिला या कलमाचा धाक नाही, पण नव्या अनुदानित शाळेवरचं बंधन तरीही राहतंच (ती पण अल्पसंख्याक संस्थेची नसेल तर).

आता जुनी शाळा. तोंडी बोलणं आजपासून बंद करा, अगदी बंद. माझ्या बहिणीच्या मुलीचा दाखला एका शाळेने असाच अडवला होता, आम्ही दोघी चार वेळा गेलो, गोड बोलून झालं, रडून झालं, दर वेळी "सर मीटिंगमध्ये आहेत". मग एका साध्या कागदावर अर्ज लिहिला, दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागितला. क्लार्कने शिक्का द्यायला नकार दिला तेव्हा तिथूनच पोस्टात जाऊन पोचपावतीसहित रजिस्टर पोस्ट केलं. त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला की दाखला घेऊन जा. कायदा आधीही तोच होता हो, फक्त त्यांच्याकडे आमचा कागद नव्हता.

त्याने पण नाही ऐकलं तर त्याच अर्जाची प्रत लावून पुणे महापालिकेच्या शिक्षण विभागात तक्रार द्या, धायरी आता महापालिकेतच आहे. कलम ३२ प्रमाणे तिथे तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावा लागतो आणि तो पटला नाही तर बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीत सरलचा मुद्दा वेगळा लिहा, की ऑनलाइन नाव सोडत नाहीयेत, कारण कागदावरचा दाखला देऊन पोर्टलवर अडवणारे पण असतात.

आणि थकलेली फी. ती माफ होत नाही दादा, ती देणं आहे, खोटी आशा नाही दाखवणार. शाळेने ती तुमच्याकडून कायद्याच्या मार्गाने वसूल करावी, मुलाचा कागद ओलीस ठेवून नाही. मद्रास हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये हेच म्हटलंय, की टीसी (म्हणजे हाच दाखला) हे फी वसुलीचं साधन नाही. ते तमिळनाडूचं प्रकरण आहे, आपल्याकडे जसंच्या तसं बंधनकारक नाही, पण अर्जात उल्लेख जरूर करा. आणि सोबत हप्त्यांचं एक पत्र द्या, महिन्याला जे जमेल ते लिहा, दोन हजार तर दोन हजार. तुमची नियत स्वच्छ आहे हे कागदावर दिसू दे.

युनिफॉर्म आणि वह्या एकाच दुकानातून घ्यायच्या असं डायरीत लिहून दिलंय. दुकान अप्पा बळवंत चौकापासून (वह्या-पुस्तकांच्या बाजारापासून) लांब आणि भाव दीडपट. चालतं का हे? (सिंहगड रोडवरून एक आई)

नाही चालत. रंग आणि डिझाइन शाळेने ठरवावं, दुकान नाही ठरवायचं, शासनाने शाळांना हे वारंवार बजावलंय. डायरीतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा, तोच तुमचा पुरावा, आणि तो जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तोवर तसंच कापड घेऊन बिनधास्त शिवून घ्या.

आमच्या सीबीएसई शाळेने फी एकदम वाढवली. विचारलं तर म्हणतात पीटीएने (पालक-शिक्षक संघाने) मंजूर केलीय. पीटीए कधी झाली, कोण आहे त्यात, कुणालाच माहीत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर अॅडमिनने मेसेज डिलीट केला. (वाघोलीतून)

तुमचा प्रश्न या सदरात दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला तितकाच राग येतो.

महाराष्ट्राचा फी नियमनाचा २०११ चा कायदा आहे आणि तो बोर्ड बघत नाही, सीबीएसई असो की एसएससी, खाजगी शाळांना लागतोच. त्यात पालक-शिक्षक संघ वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत बनवायचा असतो, सगळे पालक त्याचे आपोआप सदस्य. त्यातून कार्यकारी समिती बनते, अध्यक्ष मुख्याध्यापक पण उपाध्यक्ष पालकच, आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक त्यात हवा. ही नावं लॉटरीने निघतात, मॅडमनी ओळखीतली चार नावं लिहून पाठवायची नसतात. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव मॅनेजमेंटने सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही.

म्हणून ग्रुपवर वाद घालू नका, शाळेला एकच पत्र द्या आणि त्यात तीन गोष्टी मागा: समितीच्या सदस्यांची यादी, लॉटरी कधी झाली ती तारीख, आणि फी मंजूर केलेल्या सभेचं इतिवृत्त. इतिवृत्त हा शब्द वापरा. सभा खरंच झाली असेल तर ते द्यायला पाच मिनिटं लागतात.

मूळ कायद्यात साध्या पालकाला विभागीय शुल्क नियामक समितीकडे (फीचे वाद बघणारी सरकारी समिती) थेट जाताच येत नव्हतं, नंतरच्या दुरुस्तीने ते दार थोडं उघडलं पण अट अशी घातली की किमान २५ टक्के पालक एकत्र हवेत. माझ्या मते ही अट अन्यायाची आहे, पोरांना त्रास होईल म्हणून सही करायला लोक घाबरतात आणि शाळांना हे नीट कळतं. पण आज कायदा हा आहे, तर सह्या गोळा कराव्या लागतील, गेटवर उभं राहून, रविवारी सोसायट्यांमध्ये फिरून, वाघोलीत एकेका सोसायटीत तुमच्या शाळेची किती मुलं असतील बघा. एकट्याने लढलात तर "तो एक भांडखोर पालक" होता, शंभर जण गेलात तर चर्चेला बोलावतात. आणि हे करत असताना जुन्या दराने फी भरत राहा, चेकने किंवा ऑनलाइन, म्हणजे थकबाकीदार म्हणायची संधी त्यांना मिळत नाही.

दहावीला गणितात अपेक्षेपेक्षा फार कमी मार्क आले, पेपर बघता येतो का? (बिबवेवाडी)

येतो. स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात तसं स्पष्ट सांगितलंय. आपल्या एसएससी बोर्डात निकालानंतर आधी फोटोकॉपीसाठी अर्ज करायचा आणि ती हातात आल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी, फोटोकॉपी न घेता थेट पुनर्मूल्यांकन मागता येत नाही. मुदत फार थोडी असते, निकालाच्या दिवशीच बोर्डाची सूचना वाचा.

मी सातवीत आहे. फी भरली नाही म्हणून मॅमनी माझं नाव सगळ्यांसमोर वाचलं आणि दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. आईला सांगितलं नाही कारण ती आधीच टेन्शनमध्ये आहे. मला शाळेत जायचं नाही. (हडपसर)

बाळा, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझी यात काहीही चूक नाही. फी हा मोठ्यांमधला व्यवहार आहे, त्यासाठी मुलाला शिक्षा करायची नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याइतकीच मानसिक त्रासालाही बंदी आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत तुला शाळेतून कुणी काढूही शकत नाही.

एका वहीत लिहून ठेव, कुठली तारीख, कितवा तास, मॅम काय म्हणाल्या, शेजारी कोण होतं. शाळेत तक्रारपेटी असते आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) असायला हवी, तिथेही सांगता येतं. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत.

पण आधी आईला सांग. तिला टेन्शन येईल, खरंय, पण तू एकटीने हे सहन करतेयस हे नंतर कळलं तर तिला त्याहून जास्त वाईट वाटेल. बोलायला जमत नसेल तर हे पान तिच्यासमोर ठेव. आणि तुमच्यासाठी ताई, तुम्ही हे वाचत असाल तर मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज मी लिहून देते, मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी पाठवा.