सव्वासात लाखांची बोट, उजनीचं पाणी आणि मॅच्युअर झालेली पॉलिसी

जुळे सोलापूरहून एका वाचकांचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. वय ४७, टॉवेलच्या कारखान्यात मॅनेजर, हातात ९२ हजार. वहिनी शाळेत शिक्षिका, त्यांचे ५८ हजार. मुलगी नववीत. घराच्या कर्जाचे १४ लाख बाकी, व्याज ८.६ टक्के. जुनी विमा पॉलिसी मॅच्युअर होऊन ८ लाख ४० हजार खात्यात आलेत. मागच्या वर्षी मुंबईला पाच दिवसांचा सेलिंगचा कोर्स केला आणि तेव्हापासून डोक्यात एकच, आपली स्वतःची शिडाची बोट, ट्रेलरवर ओढून न्यायची आणि उजनीत सोडायची. चार पर्याय लिहिलेत. कॅटालिना २२ च्या जातीची केबिनवाली सेकंडहँड, ट्रेलरसकट सव्वासात लाख. हॉबी १६ कॅटामरान, म्हणजे दोन बुडांची जोडहोडी, ३ लाख ८० हजार. लेझर, छोटी उघडी शिडाची होडी, दीड लाख. आणि एक जुनी एंटरप्राइज, तीही उघडीच शिडाची होडी, ट्रॉलीसकट १ लाख ४० हजार. "मन पहिल्या बोटीवर आहे, बायको म्हणते तुम्हाला वेड लागलंय, तुम्ही काय म्हणता?"

दादा, वहिनींचं निम्मं बरोबर आहे.

आधी माझंच सांगतो म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हा माणूस फक्त एसआयपी एसआयपी करतो. २०१६ मध्ये मी हवा भरायची कयाक घेतली होती, हिप्परग्याच्या तलावावर तीनदा नेली, चौथ्या वेळी पंप सापडला नाही आणि त्यानंतर दोन उन्हाळे आमच्या आईने गच्चीवर तिच्यात सांडगे वाळवले. शेजारचा मित्र रोज विचारायचा, काय करायलाय बे ह्या होडीचं. तेव्हापासून अशा कुठल्याही वस्तूची मी किंमत बघत नाही, ती वर्षातून किती दिवस पाण्यावर जाणार ते विचारतो आणि सगळा खर्च त्या दिवसांनी भागतो. तुमच्या बोटीलाही तोच हिशोब लावूया.

आता पाण्याचं बघा. तुम्ही उजनी म्हणजे भरलेली उजनी धरून चाललाय, पुलावरून दिसते ती. ११७ टीएमसीचं धरण खरं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, आणि शंभर टक्के म्हणजे ४९६.८३ मीटर, शून्य टक्के म्हणजे ४९१.०३ मीटर, म्हणजे पातळीत सहा मीटरचासुद्धा फरक नाही. जमीन एवढी सपाट की पातळी थोडी उतरली की काठ कुठल्या कुठे मागे सरकतो, आणि मध्ये राहतो तो गाळ. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये जातं, पळसदेवचं देऊळ वर येतं, फोटो काढायला गर्दी होते, तेव्हा तुमची बोट काठावर गाळात उभी असणार. केबिनवाल्या २२ फुटीचा कील, म्हणजे बुडाखालचं वजनदार पातं, वर उचलला तरी दोन फूट पाणी लागतं, खाली सोडला तर पाच फूट, शिवाय पाण्याखाली जुन्या बांधांचे दगड, झाडांची खोडं, मच्छीमारांची जाळी. वारा असतो जून-जुलैत, तेव्हा धरण रिकामं असतं. पुण्याकडची धरणं भरून भीमेला पाणी सुटलं की उजनी भरते, आणि नीट भरून बसेपर्यंत वारा पडायला लागतो. मे महिन्यात वारा असतो पण तो वळवाचा, त्याच्यावर शीड लावणं म्हणजे खेळ नाही. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगावहून कळाशीला जाणारी बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जण गेले, ते तुम्हालाही आठवत असेल.

म्हणजे सोलापूरच्या नोकरदार माणसाला, रविवार आणि सुट्ट्या धरून, पाणी वारा वेळ तिन्ही जुळणारे दिवस मी वर्षाला वीस-बावीस धरतो. तेही होडी हलकी असेल तर. जड बोटीला पंधराच्या वर मी जाणार नाही, कारण ती पाण्यात सोडायलाच चार माणसं आणि धड घाट लागतो.

सव्वासात लाखांच्या बोटीचा हिशोब आता मांडतो. हे पैसे कर्जात भरले असते तर ८.६ टक्क्यांनी वर्षाला ६२ हजारांवर व्याज वाचलं असतं, ते तुम्ही सोडताय. पाच वर्षांनी विकायला काढली तर चार लाख आले तरी नशीब समजा, म्हणजे वर्षाला ६५ हजारांची घट. शेड, टायर, शीड-दोऱ्या, रंगरंगोटी याचे ६० हजार मी हात आखडूनच धरलेत. झाले १ लाख ८७ हजार, भागिले पंधरा, साडेबारा हजार रुपये एका दिवसाचे. आणि ओढायला काय आहे तर तुमची स्विफ्ट! बोटच हजार किलोच्या पुढे, वर ट्रेलर. म्हणजे मोठी गाडी आली, ती या हिशोबात धरलेलीच नाही. ट्रेलर कायद्याने मोटार वाहनच असतं, त्याची आरटीओ नोंदणी लागते, विकणाऱ्याकडे त्याचे कागद आहेत का विचारलंत का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मला शंका येते.

हॉबी १६ बद्दल थोडक्यात. वेगवान, देखणी, १४५ किलोची, पण रुंदी २.४१ मीटर, आपल्या गावरस्त्यांवर ती रुंदी म्हणजे समोरून उसाची ट्रॉली आली की संपलं. आणि तिची डोलकाठी आठ मीटरच्या आसपास उंच, ॲल्युमिनियमची. उजनीचा काठ कुणी पाहिलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय, काठाकाठाने शेतकऱ्यांच्या मोटारींच्या वायरी लोंबतायत. डोलकाठी उभी करून होडी ढकलत नेताना वायरीला टेकली तर पुढचं बोलायलाच नको. हा धोका कुठल्याही शिडाच्या होडीला आहे पण उंच डोलकाठीला जास्त. हॉबी कॅन्सल.

लेझरवर मात्र मी बराच वेळ थांबलो. सव्वाचार मीटर लांब, हल म्हणजे होडीचं नुसतं धड फक्त ५९ किलो, ब्रूस कर्बी या माणसाने डिझाइन केलेली, आजही ऑलिम्पिकमध्ये आहे, आपला विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन याच जातीच्या होडीवर टोकियो आणि पॅरिसला उतरले होते. पैशाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे ती विकली जाते. क्लबवाले, शिकणारी पोरं, सैन्यातले खेळाडू, गिऱ्हाईक मिळतंच. आणि एकाच हलवर तीन मापांची शिडं बसतात, ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर, म्हणजे मुलीला छोटं शीड लावून सोडता येतं. मग अडचण काय? एकाच माणसाची होडी आहे हो. तुम्ही पाण्यावर, मुलगी काठावर मोबाईल बघत, किंवा उलटं. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय "मुलीसोबत". शिवाय ४७ वर्षांच्या गुडघ्यांना लेझर दया दाखवत नाही, नवशिक्याला दिवसातून पाचदा पाण्यात घालते.

राहिली एंटरप्राइज, आणि माझी पसंती तिलाच. निळ्या शिडाची ती, जॅक होल्टने १९५६ मध्ये काढलेली, सव्वातेरा फूट, हल नव्वद-पंच्याण्णव किलो, दोन माणसांची. आपल्याकडच्या क्लबांमध्ये ती वर्षानुवर्षं चालली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधलं सेलिंग मुंबईला झालं त्यात एंटरप्राइजची स्पर्धाही होती, म्हणून जुन्या होड्या, सुटे भाग, दुरुस्ती जाणणारी माणसं आपल्याकडे सापडतात. दोष आहेत. उलटली की भरपूर पाणी घेते आणि जोरदार वाऱ्यात नवशिक्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. खरं सांगायचं तर मनाने मला वेफेअरर नावाची होडी आवडते, पावणेपाच मीटरच्या वर, १६९ किलोची, शांत, म्हशीसारखी पाण्यात बसणारी, पण ती इकडे सहज मिळत नाही आणि बाहेरून आणायची म्हटलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या बोटींवर जीएसटी ४० टक्के झालाय, सीमाशुल्क आणि जहाजाचं भाडं आणखी वेगळं. तो नाद सोडा.

एंटरप्राइजचा हिशोब: होडी १ लाख ४०, दुरुस्ती आणि एक नवीन शिडाचा सेट ४५ हजार, लाइफ जॅकेट, होडी उलटली तरी पूर्ण पालथी होऊ नये म्हणून डोलकाठीच्या टोकाला बांधायचा फुगा, वल्ही वगैरे १५. दोन लाख झाले. व्याज १७,२००, पाच वर्षांनी ९० हजारांना गेली धरली तर घट २२ हजार वर्षाला, देखभाल आणि काठावरच्या गावात कुणाच्या तरी शेडमध्ये ठेवायचं भाडं मिळून १८ हजार. एकूण ५७ हजार २००. बावीस दिवसांनी भागलं तर २६०० रुपये दिवसाला, वर टेंभुर्णीकडे जाऊन यायचं दोनशे किलोमीटरचं पेट्रोल, हजार-बाराशे. होडी तिकडेच ठेवायची हे महत्त्वाचं, दर रविवारी ओढत नेणार असाल तर दुसऱ्या महिन्यात तुम्हीच कंटाळाल. एकदाच पिकअपमध्ये टाकून न्यायची, मागे लाल फडकं बांधून.

आता होडी न घेण्याचा पर्यायही बघा. हैदराबादच्या हुसेनसागरवर क्लब आहे, तिथे शिकवतातही, किंवा परत मुंबई. बापलेकीचे जाणं-येणं, राहणं, होडीचं भाडं धरून दोन दिवसांच्या खेपेला साडेनऊ हजार धरले तर दिवसाला ४७५०. पेट्रोल दोन्हीकडे पकडून माझा आकडा येतो सोळा. वर्षाला सोळा दिवसांपेक्षा जास्त तुम्ही पाण्यावर जाणार असाल तर स्वतःची होडी स्वस्त, कमी जाणार असाल तर भाड्याची. कारखान्यात गड्ड्याच्या यात्रेच्या आधी आणि लग्नसराईत तुमचे किती रविवार जातात ते तुम्हाला माहीत, मला नाही. मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढा आणि खरोखर मोकळे रविवार मोजा, वहिनींना शेजारी बसवून मोजा, एकट्याने मोजलं तर आकडा फुगतो.

बाकीचे पैसे. तुमचा घरखर्च ७० हजार लिहिलाय आणि इमर्जन्सीला फक्त दोन लाखांची एफडी, म्हणजे तीन महिनेसुद्धा नाहीत. कापडाच्या धंद्यात मंदी आली की काय होतं ते सोलापूरकराला मी काय सांगू. त्यात २ लाख २० हजार टाका, सहा महिन्यांचं झालं. हेल्थ इन्शुरन्स फक्त कंपनीचा आहे, स्वतःचा फॅमिली फ्लोटर घ्या, आणि टर्म कव्हर ५० लाखांचं आहे ते वाढवा. गंमत बघा, ज्या दिवशी बोटीवरचा जीएसटी ४० झाला त्याच दिवशी वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा शून्य झाला. यासाठी ५० हजार. फॉर्मवर छंदाच्या रकान्यात सेलिंग करतो हे खरं लिहायचं, लपवायचं नाही, नाहीतर क्लेमच्या वेळी वहिनींनी कुणाला सांगायचं? मुलीच्या बारावीनंतरच्या खर्चाला चार वर्षं आहेत, त्याचे दोन लाख शेअरबाजारात घालू नका, एफडी किंवा शॉर्ट टर्म डेट फंडात ठेवा. १ लाख ७० हजार कर्जात भरा, फ्लोटिंग रेट असेल तर प्रीपेमेंटला दंड लागत नाही. उरले बरोबर दोन लाख, ते होडीचे. दोन लाखांच्या वर एक रुपया गेला तर तो पुढच्या दिवाळीच्या बोनसमधून, या पैशातून नाही.

मित्रासोबत अर्धी-अर्धी घ्यायचं विचारलंय. घ्या, पण पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, कुणाचा कुठला रविवार, मोडलं तर कोण भरणार, एकाला बाहेर पडायचं असेल तर भाव कसा ठरणार. होडीवरून तुटलेली मैत्री जोडायला फार महाग पडते. आणि जलसंपदा खात्याची परवानगी लेखी घ्या, तोंडी "चालतंय की" वर जाऊ नका. छोटं आउटबोर्ड इंजिन लावायचा मोह होईल, पण इंजिन लागलं की इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ खाली ती यांत्रिक बोट होते आणि नोंदणी, सर्वे हे सगळं मागे लागतं. वल्ही बरी.

होडी बघायला जाल तेव्हा एक नाणं घेऊन जा, पूर्ण बूड ठोकत फिरा, टणटण आवाज आला तर ठीक, मधेच बद्द आला तर तिथे फायबर सुटलंय किंवा आत पाणी मुरलंय. सेंटरबोर्ड म्हणजे मधून पाण्यात सोडायची फळी, तिच्या खोबणीच्या कडा हाताने चाचपा, जुन्या एंटरप्राइजला गळती तिथूनच लागते, खात्री करायची तर दोन बादल्या पाणी आत ओतून अर्धा तास थांबा. शीड उन्हाकडे धरून बघा, शिवण चाळणीसारखी दिसली तर त्याची किंमत शून्य धरा. विसार पाच हजारांच्या वर देऊ नका. मालक म्हणेल अजून तीन गिऱ्हाईकं रांगेत आहेत, तेव्हा हसा आणि चहा मागवा. चाळीस वर्षांच्या एंटरप्राइजला रांग नसते.