लाल टोपीची पत्रं

मागच्या अंकात या सदरात मी सैन्यातल्या मिलिटरी पोलिसांवर दोनच परिच्छेद लिहिले होते. संपादकांनी परवा पत्रांचा गठ्ठा हातात ठेवला. अठ्ठावीस वर्षं मी त्याच कोअरमध्ये (कोअर ऑफ मिलिटरी पोलीस, म्हणजे सी.एम.पी.) काढली, रंगरूट म्हणून शिरलो आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो, त्यामुळे उत्तरं देणं भागच आहे. निम्मी पत्रं तक्रारीची आहेत. त्यात नवल नाही, एम.पी., म्हणजे लाल टोपीवाला मिलिटरी पोलीस, दिसला म्हणून खूश झालेला जवान मला सेवेत एकही भेटला नाही.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत दुसऱ्या महायुद्धातली दोन पदकं आणि ‘सी.एम.पी.’ अक्षरांचा पितळी बिल्ला सापडला. घरात सगळे सांगतात की आजोबा मराठा पलटणीत होते. मग हा बिल्ला कुणाचा? (पाटण तालुक्यातील वाचक)

आधी पदक उलटं करून बघा. भारतीय सैनिकांना त्या युद्धाची जी पदकं मिळाली, त्यांवर नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते. गोल पदक असेल तर कडेवर, ताऱ्याच्या आकाराचं असेल तर पाठीवर. अक्षरं बारीक असतात. भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडा. एक हात जोडून विनंती : ब्रासो लावू नका. दर स्वातंत्र्यदिनाला आजोबांची पदकं चकचकीत करणारी नातवंडं मी पाहिली आहेत. पदक चमकतं आणि नंबर घासून जातो.

घरची माणसंही खोटं बोलत नसतील, बिल्लाही खरा असेल. आमची कोअर जन्मली तीच मुळी दुसऱ्यांच्या माणसांवर. 1939 साली चौथी भारतीय डिव्हिजन परदेशी निघाली, तेव्हा तिच्यासाठी प्रोव्हो, म्हणजे मिलिटरी पोलिसांची, तुकडी उभारली. (लिहिताना प्रोव्होस्ट लिहितात, फौजेत कुणी ‘स्ट’ उच्चारत नाही.) तिच्यातली बरीचशी माणसं घोडदळाच्या रेजिमेंटांतून उचललेली होती. पुढं युद्ध पसरलं, माणसं कमी पडू लागली, तशी 1942 मध्ये फैजाबादला प्रशिक्षणाची शाळा निघाली. आता आमचं सेंटर आणि शाळा दोन्ही बंगळूरला आहे. तेव्हा तुमचे आजोबा पलटणीत भरती होऊन नंतर आमच्यात आले असणं अगदी शक्य आहे. असा माणूस गावी आल्यावर स्वतःला पलटणीचाच म्हणवून घेई. गावाला पलटण कळत होती, प्रोव्हो कोणाला कळणार?

ताऱ्यावर ‘बर्मा’ असं इंग्रजीत असेल तर ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तिथं दिमापूर, कोहिमा, इम्फाळ असा एकच मोठा रस्ता होता. 1944 च्या वसंतात जपान्यांनी तो तोडला आणि 22 जूनला तो पुन्हा जोडला गेला. अशा एका रस्त्यावर सबंध फौजेचा दाणागोटा चालतो, तेव्हा वळणावर शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस काय करतो, ते पुढच्या उत्तरात येईलच. नंबर वाचता आला की तो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून रेकॉर्ड्सला, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र कसं लिहायचं ते सांगतील. नंबराशिवाय नुसतं नाव पाठवलंत तर पाटण तालुक्यात त्या नावाचे किती आजोबा निघतील, हे तुम्हीच मोजा.

प्रश्न : सुभेदारसाहेब, मी सतरा वर्षं पलटणीत काढली. 1991 मध्ये सुट्टीवर येताना स्टेशनवर एका लाल टोपीवाल्यानं मला थांबवलं. कडेवर दोन वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात पेटी. बटण उघडं आणि टोपी खांद्याच्या पट्टीखाली म्हणून नाव लिहून घेतलं. परतल्यावर मला रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, बसला. त्या एका बटणानं देशाचं काय बिघडत होतं? (कोरेगाव)

काही बिघडत नव्हतं, दादा. मी असतो तर आधी पोरीला उचलून घेतलं असतं, मग बटण लावायला सांगितलं असतं. त्यानं तेवढं करायला हवं होतं.

पण रगड्याचा हिशेब त्याच्या खात्यावर मांडू नका. आर्मी ॲक्ट 1950, कलम 107. मला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. प्रोव्हो मार्शलला, म्हणजे मिलिटरी पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, आणि त्याच्या वतीनं काम करणाऱ्याला गुन्हा करणाऱ्या जवानाला पकडता येतं, अटकेत ठेवता येतं, पण स्वतःच्या अधिकारात शिक्षा देता येत नाही. अगदी एक पिठ्ठूसुद्धा (पाठीवर ओझं देऊन पळवणं) नाही. ऑफिसरला तर दुसऱ्या ऑफिसरच्या हुकमाशिवाय हातही लावता येत नाही. त्या लाल टोपीवाल्यानं फक्त रिपोर्ट पाठवला. रगडा तुमच्याच पलटणीनं दिला. त्यांना शिव्या घालायचं धाडस होत नाही म्हणून आम्हाला घालता, असं मी पूर्वी म्हणायचो. आता वय झालं, आता म्हणत नाही.

राहिला प्रश्न बटण बघण्याचा. ती नजर कशासाठी तयार करतात, हे मला स्टेशनवर कधी समजलं नाही. समजलं 1999 मध्ये, कारगिलच्या लढाईत. झोजी-ला ओलांडला की गुमरी, मटायन, मग द्रास. द्रासजवळच्या शिखरांवर शत्रू बसलेला, खालचा रस्ता त्याला हातावरच्या रेषेसारखा दिसायचा. दिवसा गाडी हलली की तोफ बोलायची. म्हणून कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांची रांग, रात्री, आणि दिवे बंद. तुम्ही विचाराल, मग ड्रायव्हर चालवायचा कसा? फौजी ट्रकच्या मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलेला असतो आणि त्याच्यावर गाडीच्या पोटातूनच एक छोटा दिवा पडतो. मागच्या ड्रायव्हरनं तेवढ्या पांढऱ्या ठिपक्यावर डोळा ठेवायचा. ठिपका दिसेनासा झाला तर अंतर वाढलं, मोठा झाला तर जवळ आलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसता काळोख.

वळणावर मात्र ठिपका नाहीसा होतो. तिथं आम्ही. हातात पांढरे हातमोजे, एवढंच काय ते त्याला दिसणार. त्या मोज्यांना ब्लँको, म्हणजे पांढरा लेप, लावून पांढरं ठेवायचं, आणि त्या थंडीत ब्लँको वाळायचाच नाही. ओल्या मोज्यात बोटं बधिर व्हायची. एकदा मी मोजे बुखारीवर (खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीवर) वाळत टाकले आणि चहा प्यायला वळलो, तोवर उजव्या मोज्याचा अंगठा जळून काळा झाला. दुसरा जोड नव्हता. आठवडाभर चार पांढरी बोटं आणि एक काळा अंगठा घेऊन मी गाड्या काढल्या. ड्रायव्हर लोक खिडकीतून ओरडायचे, ‘काले अंगूठेवाले, राम राम!’

त्या रात्रींत एक गाडी क्रम सोडून पुढं घुसली तर अख्खा रस्ता अडायचा, आणि अडलेला रस्ता उजाडेपर्यंत अडलेलाच राहिला तर पुढचं सांगायला नको. शंभर गाड्यांत कुठली चुकीची आहे, हे अंधारात ओळखणारा डोळा आधी बटणांवरच घासून घेतात. तुमचं बटण त्यात सापडलं. तुमच्या मुलीचं आता लग्न होऊन मुलंबाळं झाली असतील. तिला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मिलिटरी पोलीस साध्या नागरिकाला पकडू शकतात का? आणि बिहार मिलिटरी पोलीस म्हणजे तुम्हीच का? (पुणे)

दुसऱ्याचं उत्तर आधी : नाही. ते बिहार राज्याचं सशस्त्र पोलीस दल होतं, आपल्याकडच्या एस.आर.पी.सारखं. पहिल्याचं : आमचा कायदा आर्मी ॲक्टखाली येणाऱ्यांपुरता. नागरिकानं काही केलं तर आम्ही त्याला पोलीस ठाण्याच्या हवाली करतो. मात्र पोरांनी काळ्या दंडपट्टीवर लाल ‘एम.पी.’ चिकटवून मोटारसायकली उडवू नयेत, म्हणजे झालं.

प्रश्न : काका, मी बारावीला आहे. महिला मिलिटरी पोलिसात जायचंय. आई म्हणते, पोलिसातच जायचं तर इथंच जा. तयारी काय करू? (शिराळा)

पोरी, आईचं मन मोडायची जबाबदारी माझ्यावर टाकू नकोस. माहिती देतो, ती आईला वाचून दाखव.

अधिकारी म्हणून बायका फौजेत 1992 पासून आहेत, डॉक्टर आणि नर्सबाई तर त्याच्या कितीतरी आधीपासून. पण जवान म्हणून बायकांना पहिलं दार उघडलं ते आमच्या कोअरनं. 2019 मध्ये भरती निघाली. जागा 100, अर्ज दोन लाखांच्या घरात. 61 आठवड्यांचं ट्रेनिंग झालं आणि 8 मे 2021 रोजी बंगळूरच्या परेड ग्राऊंडवरून 83 जणी पास होऊन बाहेर पडल्या. करोनामुळं कुणाचे आईवडील बघायला नव्हते. आम्ही म्हाताऱ्यांनी मोबाईलवर पाहिलं. आमच्यातला एक हवालदार, आयुष्यभर रंगरुटांवर डाफरलेला, नाक शिंकरत होता आणि म्हणत होता, ‘तिसऱ्या रांगेतलीचा दंड वाकतोय.’

आता ही भरती अग्निपथमधून होते, म्हणजे चार वर्षं, आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्यापर्यंत मुलींना पुढं घेतात. आईचा खरा आक्षेप इथंच असणार, आणि तो चूक आहे असं मी म्हणणार नाही. मी पाहिलेल्या जाहिरातीत उंची 162 सेंटीमीटर, 1.6 किलोमीटर धावायला साडेसात मिनिटांचा पहिला गट आणि आठ मिनिटांचा दुसरा, लांब उडी 10 फूट, उंच उडी 3 फूट असं होतं. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते. वयाची अट चालू जाहिरातीतच बघ, ती बदलत असते. धावण्याचं म्हणशील तर साडेसातवर थांबू नको, सातची सवय कर. भरतीच्या दिवशी रात्रभर प्रवास झालेला असतो, झोप नसते, तीस सेकंद कुठं जातात कळत नाही. आणि उंची दारामागच्या पट्टीवर मोजू नको. ती पट्टी नेहमी एक सेंटीमीटर लाड करते.

प्रश्न : माझे यजमान मिलिटरी पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावात माजी सैनिक पुष्कळ, पण सगळे मराठा पलटणीचे. ते एकत्र जमतात, बडाखाना करतात, बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरच्या आठवणी काढतात. हे कोपऱ्यात बसून परत येतात. आता जायचंही बंद केलंय. तुमच्या लोकांचं असं काही नसतं का? (सैनिक टाकळीजवळून)

वहिनी, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण उत्तर द्यायला चार दिवस लागले.

पलटणीच्या जवानाला पलटण गावातच सापडते. चुलता तिथं, मेहुणा तिथं, शेजारचा तिथं. आमची कोअर सगळ्या जातिधर्मांची, सगळ्या प्रांतांची. माझ्या ट्रेनिंगच्या खोलीत एक केरळचा, दोन पंजाबचे, एक आसामचा, एक ओडिशाचा होता. मराठी मी एकटाच. पुन्हा युनिटही लहान. एका डिव्हिजनच्या मागं एक प्रोव्हो युनिट, आणि त्यातलीही माणसं चौकाचौकांत, स्टेशनांवर, पुलांवर वाटलेली. दोघं-तिघं मिळून एक चौकी. महिनोन् महिने माझ्या पूर्ण युनिटचं तोंड मी पाहिलेलं नसायचं. त्यात आम्ही इतरांवर नजर ठेवणारे, म्हणून दुसऱ्यांच्या लंगरात, म्हणजे जेवणघरात, बसलो की गप्पा थांबायच्या. सेवेत हे अंगवळणी पडतं. निवृत्तीनंतर ते खुपायला लागतं, विशेषतः पहिली दोन वर्षं. मीही 14 जानेवारीच्या वेटरन्स डेला जाऊन मागच्या खुर्चीवर बसून आलोय. ज्यांच्या निवृत्तीची आठवण म्हणून तो दिवस पाळतात, त्या पहिल्या भारतीय सरसेनापती करिअप्पांच्या फोटोला नमस्कार केला आणि चहा न घेता निघालो.

आमचं जमणं वेगळ्या तऱ्हेनं सुरू झालं. आमच्यातला एक नाईक वारला. कागदपत्रांत बायकोचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, आणि एका अक्षराचा फरक. फॅमिली पेन्शन अडकली. एका कार्यालयात ती बाई सात वेळा गेली, दर वेळी नवा कागद. शेवटी साताऱ्यातून मी, सांगलीतून एक, कोल्हापुरातून दोघं असे तिच्याबरोबर जाऊन बसलो. आम्ही चौघं एकमेकांना तोवर ओळखतही नव्हतो. बाकावर बसल्या बसल्या पहिला प्रश्न झाला, ‘कुठल्या टी.सी.पी.वर होता?’ म्हणजे ट्रॅफिक कंट्रोल पोस्ट. आमच्यात गाव नंतर विचारतात. कुणी पठाणकोट म्हणाला, कुणी तेजपूर, आणि संध्याकाळपर्यंत असं निघालं की दोघांनी एकाच पुलावर सहा वर्षांच्या अंतरानं ड्यूटी केली होती, आणि दोघांनाही तिथलं तेच भटकं कुत्रं चावलं होतं. बाईंचं काम पुढं झालं. आम्ही मात्र भेटत राहिलो. आता सोळा जण आहोत. बडाखाना वगैरे नाही, कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी. ज्यांचे कागद बाकी आहेत त्यांचे कागद आधी बघतो, मग गप्पा.

यजमानांना आणखी एक सांगा. पलटणवाल्यांकडं पाठ फिरवू नका म्हणावं. मागच्या दिवाळीत एका माजी सैनिकांच्या कार्यक्रमात सर्व्हिस कोअरचा, म्हणजे रसद-वाहतूक दलाचा, एक म्हातारा ड्रायव्हर माझ्याकडं बराच वेळ बघत होता. मला वाटलं, आता हाही जुनी तक्रार काढणार. तो जवळ आला, माझा उजवा हात धरला, अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘गुमरीच्या पुढचं वळण?’ मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. त्यानं भजी आणून दिली.

हवालदारसाहेब कोणत्या सालात कुठल्या प्रोव्हो युनिटला होते आणि कोणत्या चौक्यांवर होते, एवढं एका पोस्टकार्डावर लिहून संपादकांकडं पाठवायला सांगा. पुढच्या महिन्यात आमची बैठक कागल भागातच आहे.