व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दबलेला असूनही भाऊ विसरायला लागलाय, हा एचआयव्हीचा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे का?

तुम्ही लिहिलंय की दादा ४८ वर्षांचा आहे, बऱ्याच वर्षांपासून एआरटीवर (एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर) आहे, रिपोर्ट ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे रक्तात व्हायरस सापडला नाही, असा येतो. तरी हल्ली दुकानाच्या हिशेबात चुकतो, एकच गोष्ट दोनदा विचारतो. फोनवरच्या मेमरी टेस्टमध्ये मार्क कमी पडले. मालकाला सांगावं लागेल का, हेही विचारलंय.

मी एआरटी सेंटरवर कौन्सेलर आहे, डॉक्टर नाही. फोनवरचे मार्क आधी बाजूला ठेवा. गोळ्या नियमित घेणाऱ्यांत खरा डिमेन्शिया आता क्वचितच दिसतो. सौम्य मंदपणा मात्र व्हायरस दबलेला असतानाही येऊ शकतो. त्यात नावं विसरण्यापेक्षा कामाचा वेग आणि लक्ष आधी घसरतं, म्हणून दादाचा हिशेब चुकणं हलक्यात घेऊ नका.

सेंटरवर होण्यासारखी एक छोटी चाचणी आहे, इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल. ती २००५ साली अमेरिका आणि युगांडातल्या रुग्णांवर तपासली गेली. आधी चार शब्द सांगून म्हणवून घेतात. मग डाव्या हाताचा (डावखुऱ्याचा उजव्या) अंगठा आणि तर्जनी पाच सेकंद जमेल तितक्या भराभर उघडझाप करायची. पंधरा वेळा झाली की पूर्ण ४ गुण. मग त्याच हाताने टेबलावर मूठ, पालथा तळवा, हाताची कड, असा क्रम दहा सेकंद. पेशंट इथे हमखास हसतात, कारण तिसऱ्या फेरीत हात गोंधळतो. शेवटी ते चार शब्द आठवायचे. एकूण १२ गुण, १० किंवा कमी आले तर पुढची तपासणी.

पुढची तपासणी म्हणजे निदान झालं असं नव्हे. सांधे दुखत असतील, रात्री झोप नसेल, परीक्षेचा धसका असेल, तरी गुण पडतात. मोका नावाची ३० गुणांची चाचणीही वापरतात, तिच्यावर शिक्षणाचा फार परिणाम होतो. चौथी शिकलेल्या माणसाला घनाकृती काढायला सांगितली की तो तिथेच अडतो. उलट शिकलेला माणूस आधीच्या छोट्या चाचणीत १२ पैकी ११ मिळवतो आणि सौम्य त्रास निसटतो. म्हणून मी गुणांपेक्षा घरच्यांच्या सांगण्याला जास्त वजन देते. मागच्या दिवाळीला तो एकटा काय करायचा आणि आता कशाला मदत लागते, हे कागदावर लिहून न्या.

डॉक्टरांना बाकीची कारणं तपासायला सांगा: थायरॉईड, बी-१२, साखर, बीपी, व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्तचाचणी). दारू असेल तर लपवू नका. आणि उदासी! आमच्याकडे ‘विसरतो’ म्हणून आणलेल्यांत मला ती वरचेवर भेटते. माणूस जेवत नाही, बोलत नाही, आणि घरचे म्हणतात स्मरणशक्ती गेली. ती औषधाने आणि बोलण्याने बरी होते. एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाने काहींची झोप उडते, तेही सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. गरज पडल्यास सेंटरवरून मेडिकल कॉलेजच्या न्यूरॉलॉजी किंवा मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी मिळते. जाताना ग्रीन बुक (एआरटी सेंटरची उपचारांची वही) आणि चष्मा न्या.

ताप, सतत डोकेदुखी, उलट्या, फिट, एका बाजूला अशक्तपणा किंवा दोन-चार दिवसांतच आलेला गोंधळ असेल तर चाचणीची वाट पाहू नका. टीबी किंवा बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो. थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

मालकाला सांगायचं बंधन नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ (लागू सप्टेंबर २०१८) प्रमाणे कोर्टाचा आदेश असल्याशिवाय कोणी दादाला आपलं एचआयव्ही स्टेटस उघड करायला भाग पाडू शकत नाही, आणि एचआयव्हीच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायलाही मनाई आहे. तपासणी होईपर्यंत हिशेब दिवसातून एकदाच, सकाळी, शांत बसून करायला सांगा आणि बेरीज तुम्ही एकदा पाहा.