नळाचा आवाज आणि टीव्हीचा आवाज

"त्याला बाबांची उणीव भासू नये म्हणून मी आणखी काय करू?" मूल एकट्यानं वाढवणारे बहुतेक आई-बाबा माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. एका मायलेकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा ११ वर्षांचा. वडील जाऊन दीड वर्ष झालेलं. "फार समजूतदार आहे हो, काही म्हणजे काही मागत नाही," आई म्हणाली. तक्रार पोटदुखीची होती. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. शाळेच्या सहलीचं नाव निघालं की दुखणं वाढायचं.

तो आईची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. मी एवढंच विचारलं, "रात्री झोपण्याआधी काय काय करतोस?" त्यानं बोटांवर मोजलं. गॅस बंद आहे का बघतो. दाराची कडी बघतो. आईनं गोळी घेतली का विचारतो. मग थांबला. "आई झोपली की तिचा श्वास चालू आहे का बघतो. बाबा झोपेतच गेले ना."

सहलीला गेला तर रात्री हे कोण बघणार?

वडील गेले त्या दिवसापासून येणारा-जाणारा त्याला सांगत होता, "आता तूच घरचा कर्ता." प्रेमानंच सांगत होते. पण मुलं असली वाक्यं शब्दशः घेतात. मोठ्यांना सांभाळण्याचं ओझं मुलाच्या खांद्यावर आलं की ते शहाण्यासारखं वागतं, आणि त्याच शहाणपणाचं आपण कौतुक करत राहतो. मला या कौतुकाची फार भीती वाटते.

आई बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. मुलाला कळू नये म्हणून. तो मला म्हणाला, "नळ सुरू झाला की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणजे तिला वाटेल, मला ऐकू येत नाही."

हार्वर्डच्या एका अभ्यासात, आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांची दोन वर्षं पाहणी केली होती. मूल कसं सावरतं हे सर्वांत जास्त ठरतं ते मागे राहिलेला पालक कसा सावरतो यावरून, असं त्यात दिसलं. म्हणून मी त्या बाईंना म्हटलं, उणीव भरून काढायचं सोडा, आधी तुमचं रडणं ऐकायला एक मोठं माणूस शोधा. त्यांनी बहिणीला फोन केला. मुलाला सांगितलं, "आज बाबांची आठवण आली म्हणून रडले. मला सांभाळायला मावशी आहे, ते तुझं काम नाही."

"तुला काही झालं तर माझं काय?" हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता, पण उत्तर त्याला हवंच होतं. "काही होणार नाही" एवढ्यानं असं मूल निवांत होत नाही. आईनं स्वतःची तपासणी करून घेतली, डॉक्टर काय म्हणाले ते त्याला सांगितलं. वेळ आलीच तर तो मामाकडे राहील हे मामासमोर ठरलं आणि मामाचा नंबर कपाटावर चिकटवला. गॅस आणि कडी आईनं स्वतःकडे घेतली. झाडांना पाणी घालणं त्याच्याकडेच ठेवलं, कारण घरात हातभार लावायला त्याला आवडायचं. नातेवाइकांना 'कर्ता' हा शब्द बंद करायला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं.

(झोप, भूक, शाळा यांत काही आठवडे सतत बिघाड दिसला, किंवा मूल मरणाची भाषा बोलू लागलं, तर मात्र लगेच बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं.)

कडी तो अजून कधीतरी बघतो. सहलीला मात्र गेला. पहिल्या रात्री आईला फोन केला, दुसऱ्या रात्री विसरला. मला हे सांगताना आईला जरा वाईट वाटलं होतं.