रात्री एकला दहा जण कुठून आणायचे?

प्रश्न : दुकान बंद करून रात्री एकला ऑनलाइन गेममध्ये पाच विरुद्ध पाचच्या सामन्याला बसतो. वीस-वीस मिनिटं नुसता खेळाडूंचा शोध चालतो. खेळ मेला का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मेला नाही, तुमची चाळणी बारीक आहे. समजा ४०० जण शोधात आहेत. चारपैकी एकच मॅप, म्हणजे खेळायचं मैदान, निवडला, उरले १००. पिंग, म्हणजे सामना चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायचा वेळ, ४० मिलिसेकंदांच्या आत हवा, उरले ५०. त्यात तुमच्या रँकजवळचे, म्हणजे तुमच्याइतकंच कौशल्य असलेले ५, लागतात १०! शोध लांबला की बरेच खेळ रँकची अट आपणहून सैल करतात, पण मॅप आणि पिंगची अट तुमची, ती तशीच राहते. मी काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेममध्ये पिंगची मर्यादा १०० ठेवतो. मुंबईचा सर्व्हर मिळाला तर आनंदच. आधी मॅप वाढवा, दोन तरी नवे शिका.