घरी कुत्रा आहे, दिवसाला जेमतेम तास मिळतो. शंभर दिवसांत ॲप बनवायला शिकता येईल का? मधे खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. अजिबात करू नका. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण ‘खंड’ हा शब्द आमच्या घरात तीन वर्षं गाजतोय, त्यामुळे जरा लांबेल.

आमच्या कुत्र्याचं नाव खंड्या. माझा थोरला भाऊ बरीच वर्षं प्रोग्रामिंगच करतो. मी शिकायला घेतलं तेव्हा दादाने एकच नियम घालून दिला: शंभर दिवस, रोज एक धडा, चुकला की मोजणी परत एकपासून. तिसऱ्या आठवड्यात खंड्या आजारी पडला, माझे दोन दिवस गेले आणि ‘खंड्याने खंड पाडला’ हा विनोद जन्माला आला. तो अजून जिवंत आहे.

खंड्याला फिट्स येतात. फेनोबार्बिटलची गोळी, दर बारा तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. ती अचानक चुकली तर त्यानेच फिट येऊ शकते. म्हणून तिसाव्या दिवसाच्या आसपास, धड्यांत नसताना, मी माझं पहिलं खरं ॲप केलं. एक पडदा (स्क्रीन), ‘दिली’ असं एक बटण, शेवटची गोळी कधी दिली ती वेळ, आणि पुढच्या गोळीचा गजर. दोन आठवडे सुरळीत वाजलं. मी भलतीच खूश.

मग एका रविवारी नऊ वाजता जाग आली ती गादीच्या कडेवर टेकवलेल्या ओल्या नाकाने. गोळी ज्या घासात लपवून देतो त्या घासाची वेळ खंड्याला पाठ आहे. रात्री फोन अपडेट होऊन आपोआप रीस्टार्ट झाला होता आणि माझा गजर गायब! त्या दिवशी फिट आली नाही. पण दिवसभर मी त्याच्याकडे बघत बसले होते, एवढं सांगते.

कारण तासाभरात सापडलं. अँड्रॉइडमध्ये ॲपने लावलेले गजर फोन बंद होऊन सुरू झाला की पुसले जातात. फोन सुरू झाल्याचा निरोप ‘बूट कम्प्लिटेड’ या नावाने येतो, तो ॲपने ऐकायचा आणि गजर पुन्हा लावायचा. तसं केलं. फोन रीस्टार्ट केला, उघडला, वाजला. पुन्हा केलं, वाजला. पण रात्री मुद्दाम रीस्टार्ट करून झोपले, तर सकाळी चिडीचूप. पाच दिवस यात गेले. कोड ओळ न् ओळ बरोबर दिसत होता. (कुत्र्याला कोड समजावून सांगितला की चूक सापडते म्हणतात. खंड्या दुसऱ्या ओळीला उठून जातो.)

सहाव्या दिवशी तपासणीसाठी फोन रीस्टार्टला टाकला आणि तेवढ्यात साहेब दाराशी कुरकुरायला लागले. फोन तसाच टेबलावर सोडून फिरायला गेलो. गजर दहा मिनिटांनी वाजायला हवा होता. अर्ध्या तासाने परतलो, फोन गप्प. पिन टाकून उघडला आणि काही सेकंदांत वाजला!

म्हणजे तो निरोप फोन सुरू झाल्यावर नाही, पहिल्यांदा अनलॉक केल्यावर मिळतो. तोवर ॲपची नेहमीची साठवलेली माहितीही कुलूपबंद असते. इतके दिवस मी फोन हातात धरून तपासत होते, म्हणजे दर वेळी स्वतःच कुलूप उघडत होते. रात्री तीनला रीस्टार्ट झालेला फोन सातला कोण उघडणार? यावरचा उपाय अँड्रॉइड ७ पासून, २०१६ पासून आहे. त्याला डायरेक्ट बूट म्हणतात. कुलूप उघडण्याआधी येणारा वेगळा निरोप ऐकायचा आणि गोळीची वेळ त्या अवस्थेतही वाचता येईल अशा जागी ठेवायची. ते जमायला आणखी तीन दिवस गेले.

एकूण नऊ दिवस मी धड्याला हात लावला नाही. सत्तेचाळिसावा धडा बटणं हलवून दाखवण्याचा होता, तो तसाच राहिला. दादा म्हणाला, ‘हे शिकणं नव्हे, हे डिबगिंग, नुसतं चुका शोधणं. मोजणी परत एकपासून.’ माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की त्या नऊ दिवसांत मी आधीच्या सेहेचाळीस धड्यांपेक्षा जास्त शिकले. धड्यातलं ॲप कधी रात्री तीनला रीस्टार्ट होत नाही. आणि ती चूक कुत्र्यामुळेच सापडली, दादा. घरात खंड्या नसता तर मी पुन्हा फोन हातात धरून ‘वाजतोय की’ म्हणत बसले असते.

आता तुमचं. शंभर दिवस म्हणजे शंभर तास, तेवढ्यात स्वतःच्या उपयोगाचं एक छोटं ॲप नक्की होतं. त्यावर नोकरी मिळण्याची आशा मात्र ठेवू नका. अँड्रॉइड करणार असाल तर कोटलिन ही भाषा आणि ॲपचे पडदे बांधायला जेटपॅक कंपोज घ्या. कंपोजची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०२१ ची, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ पडदे जुन्या पद्धतीने, एक्सएमएलमध्ये बांधायला शिकवतात. ते टाळा, नाहीतर दोन्हींचा गुंता होतो. आयफोनचं मला विचारू नका. उठताना पुढची पायरी कोडमध्येच एका ओळीत लिहून ठेवा. कुत्रा कधी उठवेल याचा नेम नसतो आणि परत आल्यावर आपण कुठे होतो हे आठवण्यातच वीस मिनिटं जातात. चुकलेले दिवस मोजू नका.

हां, एक राहिलं. काही दिवस चुकले तर हरकत नाही म्हणजे महिनाभर चुकले तरी चालेल असं नाही. तीन आठवड्यांनी परतले तेव्हा मला माझाच कोड ओळखू येईना, इतपत दादा बरोबर आहे. आणि औषधासारख्या गोष्टीसाठी आपल्या शिकाऊ ॲपवर विसंबू नका. गोळीला उशीर झाला तर पुढची कधी द्यायची हेही ॲपने नाही, पशुवैद्यांनी ठरवायचं. माझ्या फोनच्या साध्या घड्याळात आजही सातचा गजर लावलेला असतो. हे दादाला माहीत नाही.